ग्राहकाचा विश्वास आणि मढची कणगी

(मढ, ता. जुन्नर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर होते. व्याजाचा दर वाढला, उतरला की होता तेथेच राहिला, याची चर्चा वृत्तपत्रे चवीने करतात. त्याच सुमारास तीच बँक आणखी एक आकडा प्रसिद्ध करीत असते. चळवळीतील कार्यकर्त्यांचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. हा आकडा ग्राहकांच्या विश्वासाचा. लोकांना आपल्या संसाराविषयी आणि देशाच्या अर्थकारणाविषयी आज काय वाटते, आणि वर्षभराने काय होईल असे वाटते, ते मोजण्याचा हा प्रयत्न आहे. बाजारात मागणी वाढेल की आटेल याचा अंदाज कारखानदार, सावकारी संस्था आणि सरकार या आकड्यावरून बांधतात. मग ज्यांच्या मनाचे हे मोजमाप होते, त्यांनी ते कसे होते हे समजून का घेऊ नये? आणि मढसारख्या गावातील माणसाचे मन त्या मापात कितपत मावते, हेही विचारले पाहिजे.

या मोजमापाचा जन्म अमेरिकेत झाला. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अनेक अर्थशास्त्रज्ञांना भीती वाटत होती की, युद्धसाहित्याचे कारखाने थांबले की १९३० च्या दशकातील मंदी पुन्हा अवतरेल. त्या काळी मूळचे हंगेरीचे जॉर्ज कॅटोना हे मानसशास्त्रज्ञ मिशिगन विद्यापीठात होते. त्यांनी १९४६ पासून सर्वसामान्य कुटुंबांना थेट प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. लोक खर्च करण्याच्या तयारीत आहेत असे त्यांना आढळले, आणि भाकीत केलेली मंदी आली नाही. या अनुभवातून कॅटोनांनी एक साधा पण मूलगामी विचार मांडला. माणसाची खरेदी दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, खरेदीची ऐपत. आणि दुसरी, खरेदीची इच्छा. ऐपत पगाराच्या व बचतीच्या आकड्यांवरून कळते. इच्छा मात्र माणसाला विचारूनच कळते. खिशात पैसा असूनही उद्याची धास्ती असेल तर हात आखडतो. भरवसा असेल तर तोच हात सैल सुटतो. मिशिगनचा निर्देशांक उभा आहे तो या दुसऱ्या गोष्टीवर.

भारतात रिझर्व्ह बँकेने असे सर्वेक्षण २०१० पासून सुरू केले. त्याची रीत समजण्यास अवघड नाही. कुटुंबांना पाच बाबी विचारल्या जातात : देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, घरचे उत्पन्न आणि घरचा खर्च. वर्षापूर्वीच्या मानाने आज काय स्थिती आहे, आणि वर्षानंतर काय असेल? सुधारली म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून बिघडली म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करावयाची. पाचही बाबींच्या वजाबाकीची सरासरी काढावयाची. आणि ती शंभरात मिळवावयाची. समजा, शंभरांपैकी तीस जण सुधारली म्हणाले, पन्नास बिघडली म्हणाले आणि वीस जणांना फरक दिसला नाही, तर त्या बाबीचे उत्तर उणे वीस. सर्वच बाबींत असे झाले तर निर्देशांक ऐंशी येईल. शंभर ही सीमारेषा. वर गेला तर आशा, खाली आला तर निराशा. शून्यापासून दोनशेपर्यंत त्याची धाव असते.

या आकड्याची कहाणी बोलकी आहे. मार्च २०१९ मध्ये वर्तमान स्थितीचा निर्देशांक १०४.६ होता. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत तो शंभराखाली घसरला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, तो ६३.७ झाला. मे २०२१ मध्ये, महासाथीच्या दुसऱ्या लाटेत, तो ४८.५ वर कोसळला. पुढे तो हळूहळू सावरला खरा. पण २०२४ साल संपेपर्यंत शंभराला पोचला नाही. म्हणजे देशाच्या वाढीचे गोडवे गायिले जात होते त्याही वर्षांत, आपली स्थिती वर्षापूर्वीपेक्षा बरी आहे असे म्हणणाऱ्यांचे पारडे शहरांत जड झाले नव्हते. हे कोणा विरोधी पक्षाचे पत्रक नव्हे, देशाच्या मध्यवर्ती बँकेची नोंद आहे. ‘सर्वेक्षणे ही भांडवलदारांची खेळणी’ असे म्हणून जे कार्यकर्ते अशा आकड्यांकडे पाठ फिरवितात, ते आपल्याच हातातील एक साधन टाकून देतात.

तथापि साधन वापरण्यापूर्वी त्याची धार कोठे आहे आणि कोठे बोथट आहे, ते पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट स्थळाची. हे मूळ सर्वेक्षण शहरांचे. प्रारंभी सहा महानगरे, मग तेरा शहरे आणि पुढे एकोणीस. या एकोणीसांत महाराष्ट्रातील शहरे दोनच, मुंबई आणि नागपूर. पुणे त्यात नाही, मग मढ कोठून असणार? माळशेज घाटाच्या माथ्याकडील वाड्यांचा त्या आकड्याशी संबंध एवढाच की, येथून मालमोटारी खाली कल्याण-मुंबईकडे भाजी घेऊन जातात आणि ती भाजी विकत घेणाऱ्याला सर्वेक्षणात प्रश्न विचारला जातो.

या भाजीपाशीच दुसरी, अधिक खोल गोष्ट आहे. सर्वेक्षणात किमती वाढल्या हे उत्तर नेहमी उणे धरले जाते. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण जुलै २०२३ आठवावा. टोमॅटोचे भाव भडकले तेव्हा शहरातील गृहिणी किलोऐवजी पाव किलो घेऊ लागली, आणि नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. एकच किंमत, पण मुंबईत ती विश्वासाची घट ठरली आणि जुन्नरच्या बागायतदाराकडे विश्वासाची वाढ. त्यानंतर नेपाळहून टोमॅटो आयात झाला, नवे पीक बाजारात आले, आणि सप्टेंबरपर्यंत भाव इतका उतरला की तोडणीचा खर्चही निघेना. कांद्याचेही तसेच. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली आणि ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. शहरी ग्राहकाचा विश्वास राखण्यासाठी जे केले गेले, त्याची किंमत बराखीत कांदा साठविलेल्या शेतकऱ्याने मोजली.

पण येथेच थांबले तर ती केवळ बागायतदाराची कैफियत होईल. मढच्या परिसरातील आदिवासी कुटुंब या दोहोंपेक्षा वेगळ्या जागी उभे आहे. त्याचे भाताचे खाचर लहान. ते पिकते ते बहुतांशी घरात खाण्यापुरते. भाताची सुगी आटोपली की घरातील धडधाकट माणसे ओतूर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात कांद्याच्या लागणीला, काढणीला, द्राक्षाच्या व टोमॅटोच्या कामाला उतरतात. टोमॅटो महागला म्हणून या मजुराची मजुरी त्या हंगामात वाढत नाही, उलट त्यालाही तोच महाग टोमॅटो घ्यावा लागतो किंवा त्यावाचून राहावे लागते. भाव कोसळला आणि बागायतदाराने पीक शेतातच सोडून दिले की त्याचा रोजगार जातो. तेजीत वाटा नाही आणि मंदीतून सुटका नाही. ग्राहक, उत्पादक आणि मजूर ही तीन माणसे शहरात तीन घरांत राहतात. मढमध्ये ती एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसाच्या ठायी असतात. त्याला किमतीविषयी एकच प्रश्न विचारून त्याच्या मनाचा ठाव कसा लागणार?

तिसरी गोष्ट खर्चाची. सर्वेक्षणात घरचा खर्च वाढला हे उत्तर आशेच्या बाजूला, अधिक चिन्हाने, मांडले जाते. कॅटोनांच्या तर्काने ते बरोबर आहे. ज्याला निवड करण्याची मुभा आहे तो खर्च वाढवितो तेव्हा त्याचा भरवसा वाढलेला असतो. पण तेल, डाळ, औषध आणि प्रवासभाडे महाग झाल्यामुळे खर्च वाढला असेल तर? त्या वाढीत इच्छा कोठे आहे? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात दरमाणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये, शहरात ६,९९६ रुपये. ग्रामीण खर्चापैकी सुमारे ४७ टक्के रक्कम खाण्यावर जाते. ग्रामीण लोकसंख्येच्या अगदी तळच्या पाच टक्क्यांचा खर्च महिन्याला अवघा १,६७७ रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे छप्पन्न रुपये. छप्पन्न रुपयांत इच्छेला जागा किती? ज्याचे हातावर पोट आहे त्याच्या बाबतीत ऐपत आणि इच्छा या दोन निराळ्या गोष्टी राहतच नाहीत. त्याचा खर्च पाहून त्याचे मन कळत नाही, त्याची अडचण कळते.

मग मढच्या माणसाचा विश्वास दिसतो तो कशात? त्याच्या कृतीत. आणि ती कृती वर्षाच्या फेऱ्यात ठरलेल्या जागी दिसते. आवणीच्या दिवसांत कणगीत किती दिवसांचे धान्य उरले आहे? आषाढ-श्रावणात दुकानदाराच्या वहीत उधारी किती चढली? सुगीनंतर घरातील कोण कामाला खाली उतरले. फक्त कर्ता पुरुष, की म्हातारी आणि शाळेतली मुलगीही? उन्हाळ्यात वेचलेला बाळहिरडा वाळवून घरात ठेवता आला, की ओला असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकावा लागला? हिरडा ठेवणे हीच या भागातील बचत आहे. ज्याला उद्याचा भरवसा आहे तो भाव येईपर्यंत थांबतो. ज्याला नाही तो मिळेल त्या भावाला विकतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ज्याला भविष्याची अपेक्षा म्हणतात, ती येथे हिरड्याच्या पोत्याच्या रूपाने घराच्या कोपऱ्यात उभी असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले आणि सह्याद्री ओलांडून आत आले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याच्या झाडांचे आणि फळांचे मोठे नुकसान झाले. टाळेबंदीने मजुरी आधीच हिरावली होती. वादळाने बचतही हिरावली. हिरड्याचे झाड हे वर्षाचे पीक नव्हे, मोडले तर पुढील पिढीला त्याची उणीव भासते. भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. कोणत्याही शहरी निर्देशांकात या नुकसानीचा एक दशांशही उमटला नाही. उमटण्यासारखे त्यात काही नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये.

येथे मूळ मुद्द्यापाशी येऊन पोचतो. विश्वास ही केवळ मनाची लहर नसते. शहरातील पगारदाराचा विश्वास महिन्याच्या पहिल्या तारखेवर उभा असतो. मढच्या मजुराला अशी तारीख कोण देते? महाराष्ट्राने एकेकाळी तसा प्रयत्न केला होता, आणि त्याचे स्मरण समाजवादी कार्यकर्त्याने विशेषकरून ठेवले पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर आधार ठरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व कायद्यात आले. या कामासाठी पैसा उभा करण्यास १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या उत्पन्नातील काही रुपये खेड्यातील मजुराच्या हमीकडे वळले. शहराच्या निश्चिततेतून खेड्याची निश्चितता उभी करण्याचा हा मार्ग होता. २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

आदिवासी भागासाठी आणखी दोन आधार उभे राहिले. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या कायद्याने व्यापाऱ्याच्या मगरमिठीतून आदिवासीचा माल सोडविण्यासाठी एकाधिकार खरेदीचा मार्ग खुला केला. १९७८ पासून खावटी कर्ज सुरू झाले. पावसाळ्यात शेतीवर काम असते पण घरात धान्य नसते, हे सत्य खावटीने शासनाच्या दप्तरात प्रथमच मान्य केले. ज्या राज्याने खावटी दिली त्याने एका परीने हेच मोजले होते की, या कुटुंबाचा धीर कोणत्या महिन्यात सुटतो. २०१३-१४ नंतर ही योजना थांबली. महासाथीत, २०२० मध्ये, ती एका वर्षासाठी अनुदानाच्या रूपाने परतली. ११ लाख ५५ हजार कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. संकटात एकदा दिलेला हात आणि दरवर्षी ठरल्या वेळी मिळणारा आधार यांत फरक आहे. पहिल्याने जीव वाचतो, दुसऱ्याने धीर टिकतो.

या संस्थांत दोष नव्हते असे नाही. खावटी थकत गेली, खरेदी केंद्रे वेळेवर उघडली नाहीत की व्यापाऱ्याचे फावले, हमीच्या कामाची मजुरी रेंगाळली. पण दोष दाखवून हमी मोडणे हा उपाय नव्हे, दोष काढून हमी पाळणे हा उपाय आहे. या भागाला अविश्वासाचा इतिहासही माहीत आहे. १८७३ ते १८७६ या काळात होन्या केंगले याच्या नेतृत्वाखाली याच डोंगराळ मुलखातील कोळी सावकारांविरुद्ध उठले. १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे पसरले, आणि १८७९ मध्ये सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. विश्वास आटल्याची नोंद कोणी घेत नाही, तेव्हा ती अशा मार्गाने घेतली जाते.

२०२५ पासून रिझर्व्ह बँक ग्रामीण व निमशहरी भागांचे वेगळे विश्वास-सर्वेक्षण प्रसिद्ध करू लागली आहे. या पावलाचे स्वागत केले पाहिजे. पण शहरासाठी शिवलेला अंगरखा आखूड करून खेड्याला घातला तर तो अंगाला बसेलच असे नाही. देशाच्या सरासरीत मढ दिसणार नाही. ते दाखविण्याचे काम स्थानिक कार्यकर्त्यांचे आहे.

हे काम पुणे जिल्ह्याला नवे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा कुटुंबवार अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. कोणाची जमीन किती, मिळकत किती, कर्ज किती, हे घरोघर जाऊन लिहिले. मिशिगनच्या प्रश्नावलीच्या कितीतरी आधी या जिल्ह्यात गावाचा संसार असा वहीत उतरला होता. तीच वही पुन्हा उघडावी. वर्षातून चार वेळा, आवणीला, सुगीला, कांद्याच्या हंगामात आणि हिरडा वेचल्यावर, तीच तीस-चाळीस घरे घेऊन तेच प्रश्न विचारावेत. धान्य किती दिवसांचे? काम मागितले किती दिवस, मिळाले किती, मजुरी हाती आली कधी? उधारी किती? हिरडा कोणत्या भावाने आणि कोणाला गेला? शाळेतून कोणी सुटले का? आणि शेवटी बँकेचाच प्रश्न : वर्षभराने बरे होईल असे वाटते का?

वही लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. घराची माहिती घराबाहेर जाता कामा नये. सभेत बेरीज सांगावी, नाव नव्हे. आणि उत्तर आपल्या मताविरुद्ध गेले तरी ते जसेच्या तसे लिहावे. एखाद्या वर्षी लोक म्हणाले की बरे चालले आहे, तर तेही नोंदवावे. गाऱ्हाण्यांचीच वही ठेवणाऱ्याचे गाऱ्हाणे कोणी खरे मानीत नाही.

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत एक गोष्ट सतत दिसते : भविष्याचा निर्देशांक वर्तमानाच्या वर असतो. मार्च २०१९ मध्ये वर्तमान १०४.६ तर भविष्य १३३.४ होते. मे २०२१ मध्ये वर्तमान ४८.५ पर्यंत बुडाले तेव्हाही भविष्य ९६.४ वर होते. डाव्या विचाराच्या माणसाला याचा अर्थ लोकांची फसगत असा लावण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. माणूस उद्याची आशा धरतो ती केवळ भुलून नव्हे. मुलाला आश्रमशाळेत धाडायचे, खाचराचा बांध घालायचा, तर आशा धरावीच लागते. वर्तमान आणि भविष्य यांतील ते अंतर म्हणजे जनतेने राज्यव्यवस्थेला दिलेली उधारी आहे. ती बुडविण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही, आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही.

विश्वास बाळगा असे सांगून विश्वास येत नाही. मागितलेले काम ठरल्या मुदतीत मिळाले, हिरड्याचे खरेदी केंद्र हंगामाआधी उघडले, आषाढात कणगी रिती राहिली नाही, तर मढच्या माणसाला विश्वासाविषयी विचारण्याची गरज उरणार नाही. तो हिरड्याचे पोते घरात ठेवील आणि भावाची वाट पाहील. त्या पोत्यांची मोजणी हाच या गावाचा निर्देशांक. आणि ती मोजणी येत्या आवणीपासून सुरू व्हावी.